मळीचं पिंप

कारखान्यातून आले की मी आधी मोरीत जायचे आणि मग घरात. लुगडं बदलायचे, हातपाय राखेने घासायचे, केसांवरूनही पाणी घ्यायचे. तरी ओट्यावर बसलेली सासू नाक वर करून म्हणायचीच, "आला वास."

तो वास मळीचा होता. उसाच्या रसातली साखर काढून घेतली की मागे जो काळा, दाट, आंबूस-गोड चिकटा उरतो ती मळी. आमच्या ओतकामाच्या कारखान्यात ती वाळू बांधायला लागायची. पण वाळू बांधतात म्हणजे काय करतात, हे गावात कुणाला सांगून पटायचं नाही. दारूबंदीचे दिवस होते. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत हातभट्ट्या लागत, आणि मळी म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट यायची. विहिरीवर मी गेले की बायांचं बोलणं मध्येच थांबायचं. एकीने तर घागर ओढता ओढता सरळ विचारलं, "कोनाला देतंस गो?"

मी म्हटलं, "काय देते?"

ती नुसती हसली.

आज सगळे त्या भागाला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा तिथे आमची गावं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती आणि पलीकडे खाडी. माझं सासर कोपरखैरण्याच्या बाजूला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहायला लागले तेव्हा सासऱ्यांचं शेत त्यात गेलं. माझे मालक मुंबईला गोदीत कामाला होते, शनिवारी घरी यायचे. थोरले दीर मिठागरावर जात, पण तेही मिठागर पुढे बसलं, बंद पडलं, आणि ते घरी राहिले. अशात तुर्भ्याकडच्या एका कारखान्याला बाया हव्यात असं कळलं. आधी थोरल्या दिरांची बायको, माझी जाऊ, तिथे जायला लागली, मग तिने मला नेलं. गावातून आम्ही दोघीच.

काम तसं जड नव्हतं, पण नाजूक होतं. लोखंडाची वस्तू आतून पोकळ हवी असेल, समजा पंप किंवा नळाचा सांधा, तर साच्याच्या पोटात वाळूचा एक गाभा ठेवावा लागतो. वितळलेलं लोखंड त्याच्याभोवती बसतं, आणि ते थंड झालं की गाभा फोडून काढायचा. त्या गाभ्याला सगळे कोर म्हणत. नुसती वाळू उभी राहत नाही, म्हणून तिच्यात जवसाचं तेल, थोडं पीठ आणि मळी घालून कालवायचं. ते कालवण लाकडी पेटीत दाबून भरायचं, पेटी पत्र्यावर उलटी करून अलगद उचलायची आणि कोर भट्टीत भाजायला पाठवायचे. भाजून आला की कोर बिस्किटासारखा तांबूस आणि टणक. पुढे लोखंडाच्या धगीने मळी, तेल, पीठ सगळं जळून जायचं आणि आतली वाळू आपोआप सुटी व्हायची. बायांचा हात हलका म्हणून हे काम बायांकडे.

माझ्या जावेचा हात माझ्यापेक्षा हलका होता. पेटी उचलताना ती श्वाससुद्धा रोखून धरायची. मला तिनेच शिकवलं. दुपारी आम्ही एका डब्यात जेवायचो, वाटेने एकमेकींच्या मागे चालायचो. घरी चूलही एकच होती.

फोरमन कोल्हापूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. वाळूच्या ढिगावर ते बोटाने खुणा करून ठेवत, म्हणजे कुणी हात लावला की कळावं. मळीची पिंपं मागच्या शेडमध्ये असत. शेडला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. पण शेडचा पत्रा मागून वर आला होता, आणि नेमकी बायांची मोरी त्याच शेडच्या मागे होती. या गोष्टीचा पुढे आम्हाला फार त्रास झाला.

एका पावसाळ्यानंतर कोर झडायला लागले. भट्टीतून निघालेला कोर हातात घेतला की कडेची वाळू सुटायची. काही नीट दिसायचे, पण साच्यात ठेवताना मोडायचे. काहींच्या वाळूचे कण लोखंडात मिसळायचे आणि मालाला भोकं पडायची. टाकाऊ मालाचा ढीग दारापाशी वाढत गेला. शेठ एरवी गाडीतून खाली उतरत नसत, ते दोनदा येऊन त्या ढिगासमोर उभे राहून गेले.

फोरमननी आधी भट्टीवाल्याला धरलं, मग वाळू चाळणाऱ्याला. शेवटी सगळ्या बायांना शेडपाशी बोलावलं. एका पिंपात काठी बुडवून वर धरली. मळी नेहमी काठीवरून तार धरून खाली यायची. त्या दिवशी ती थेंबाथेंबाने टपकत होती.

"कुणीतरी हितनं मळी काढतंय," ते म्हणाले, "आन् वर पानी ओततंय."

फोरमनची नजर एकेका बाईवरून सरकत आमच्या दोघींवर आली आणि तिथेच थांबली. बाकीच्या बाया ठाण्याकडच्या, कुणी घाटावरच्या. खाडीकाठच्या फक्त आम्ही. आणि खाडीकाठी काय शिजतं, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक कारखान्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुटताना झडती सुरू झाली. पुरुषांची झडती पहारेकरी घ्यायचा. बायांची कोण घेणार? फोरमननी माझ्या जावेला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "तू घे."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती पदर खोचून फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

माझी पाळी आली. माझ्या जावेने माझा डबा उघडून हुंगला. कमरेला खोचलेली निऱ्यांची केळं चाचपली, ओच्यात हात घातला, पाठीवरून फिरवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सकाळी ज्या हातांनी माझी वेणी घातली होती त्याच हातांनी ती मला तपासत होती. मागे उभी असलेली घाटावरची बाई पुटपुटली, "घरचाच चोर, घरचाच पोलीस." ते जावेलाही ऐकू गेलं असणार.

त्या संध्याकाळी आम्ही वाटेने बोललो नाही. घरी तिने मला भात वाढला, वर सुकटीचं कालवण घातलं. मी जेवले. "अजून घे," ती म्हणाली. मी "नको" म्हटलं. एवढंच.

संशयाचं असं असतं की तो एकदा घरात शिरला की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. फोरमननी तिलाच का निवडलं? ती जुनी म्हणून, की तिने आधीच काही कानात सांगितलं होतं म्हणून? आणि झडती घेणाऱ्या बाईची झडती कोण घेतं? ते तर कुणीच घेत नव्हतं. ती सर्वांत शेवटी फाटकातून निघायची, डबा डोक्यावर घेऊन. मग मला थोरल्या दिरांचं आठवायला लागलं. मिठागर बसल्यावर ते घरी बसतील असं वाटलं होतं, पण ते दुपारी पत्र्याचा डबा घेऊन खाडीकडे निघायचे. सासूने विचारलं तर म्हणायचे, "चिंबोऱ्या धराया." घरात खेकडे मात्र क्वचितच यायचे. दिवाळे गावची कोळीण पाटी घेऊन आली की आम्ही तिच्याकडूनच घ्यायचो.

मी मनात एकाला एक जोडत गेले. जाऊ डब्यातून मळी आणते, दीर ती तिवरांत नेतात. आणि कधी पकडलं गेलंच, तर मला पुढे करायचं, कारण वास माझ्याही अंगाला येतो.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ओहोटी होती. दीर डबा घेऊन निघाले. थोड्या वेळाने मीही कोयती घेतली आणि सासूला "काटक्या आनते" असं सांगून निघाले. मिठागराच्या बांधाने गेले, मग चिखलातून. तिवरांची मुळं वर आलेली, पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे. धूर दिसण्याआधी वास आला. आंबलेला, उग्र. पण आमच्या पिंपाचा नव्हे.

एका उंचवट्यावर चूल पेटलेली होती. तिच्यावर मोठं भांडं, त्यातून निघालेली नळी, बाजूला जमिनीत पुरलेली मडकी. दीर उकिडवे बसून लाकडं सारत होते. मला पाहून ते ताडकन उठले.

त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. लग्न झाल्यापासून डोक्यावरचा पदर सारखा करत बाजूला व्हायचं, एवढंच आमचं बोलणं. त्या दिवशी पदर कुठे होता मला आठवत नाही.

"मळी कुठली ही?" मी विचारलं.

त्यांनी एक गोणी ओढून माझ्यापुढे उलटी केली. काळ्या गुळाच्या ढेपा बाहेर पडल्या, आणि कागदात बांधलेला नवसागर.

"बघ. मली हाय काय? हात लावून बघ." त्यांचा आवाज चढला. "कारखान्याची मली आनून माज्याच बायकोची नोकरी घालवीन मी? भट्टी माझी नाय. मी नुसता जाळ बघतो. त्याच्यावर घर चालतंय ना?"

खरं म्हणजे मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मला एवढंच वाटलं, आता मला एक गोष्ट ठाऊक झाली आहे, आणि ती ठाऊक नसती तर बरं झालं असतं.

"तुज्या जावंला ठाव हाय," ते म्हणाले. "आता तुना ठाव झालं. तिसऱ्याला नको."

घरी आले तेव्हा जाऊ दारात तांदूळ निवडत बसली होती. खाडीचा चिखल लपत नाही, काळा आणि गुडघ्यापर्यंत. तिने सूप खाली ठेवलं, आतून तांब्या आणला आणि स्वतः माझ्या पायांवर पाणी ओतलं.

"गेलतीस," ती म्हणाली.

"हं."

"आता काय करशील?"

"काय नाय. मी कशाला बोलू?"

तिने पाणी संपेपर्यंत ओतलं. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फोरमन ज्या नजरेने काठीवरची मळी पाहत होते, तसंच काहीसं ते पाहणं होतं. तेव्हा मला कळलं की तिने झडतीचं काम का पत्करलं. आपल्या नवऱ्याचं कुणी नाव घेण्याआधी तिला पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं होतं. आणि सगळ्यांत जास्त भीती तिला माझी होती.

आठवड्याभरात फोरमननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही.

"तुझ्या घरात भट्टीवर कोन जातं, मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तू फक्त नाव सांग. तुझी नोकरी जात न्हाई."

मी उभीच होते. यांना खरंच ठाऊक आहे, की खडा टाकून बघताहेत? मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

"तुझ्या जावंनं सगळं सांगितलंय."

सांगितलं असेल? नवऱ्याचं नाव ती सांगणार नाही, मग माझं सांगितलं असेल? की माझ्या मालकांचं, जे इथे राहतसुद्धा नाहीत? क्षणभर माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिवरं, गूळ, नळी. मग वाटलं, खरंच सांगितलं असेल तर हा माणूस माझ्यापाशी वेळ कशाला घालवतोय?

"तिनं सांगितलं असेल तर मला कशाला विचारता?" मी म्हटलं.

ते टेबलावरचा मोडका कोर उचलून बोटांनी कुस्करत राहिले. मी निघायला वळले आणि मग मला राग आला. रोजच्या त्या चाचपण्याचा, विहिरीवरच्या हसण्याचा, सगळ्याचा.

"आमची लुगडी झाडून बघता," मी म्हटलं. "मळी आणणाऱ्या लॉरीला कधी विचारलंत?"

"जा, कामाला लाग."

खोलीतून बाहेर आले तेव्हा जाऊ तिच्या कामाच्या पाटापाशी उभी होती. हातात वाळूने भरलेली पेटी होती आणि ती उलटी करायची विसरली होती.

पुढची लॉरी आली ती फोरमननी फाटकाच्या बाहेरच थांबवली. माझ्या बोलण्यामुळे, की त्यांचा स्वभावच तसा म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्यांचा संशय घेऊन झाला होता, लॉरीवालाच राहिला होता. ते स्वतः चाकावर चढले आणि एकेका पिंपात काठी बुडवत गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. काठीवरून थेंब टपकत होते. पिंप अजून आमच्या शेडच्या सावलीतही आलं नव्हतं.

ड्रायव्हर आधी म्हणाला, उन्हाने पातळ झाली. पहारेकऱ्याने त्याची कॉलर धरली तेव्हा बोलला. डोंगराच्या पायथ्याशी एका झोपडीपाशी तो लॉरी थांबवायचा, प्रत्येक पिंपातली थोडी थोडी मळी उपसून द्यायचा आणि विहिरीच्या पाण्याने पिंपं भरून घ्यायचा. त्याला दोन तडाखे बसले. तो परत दिसला नाही. मळी दुसरीकडून येऊ लागली, ती तार धरून गळायची. कोर पुन्हा टणक निघायला लागले.

आम्हाला कुणी काही म्हटलं नाही. संध्याकाळी फाटकावर झडती होतीच. मी फोरमनना विचारलं, "आता कशाला?"

"न्हाई चोरलं, ठीक हाय," ते म्हणाले. "पन चोरता येतं हे आता समद्यांना कळलंय न्हवं?"

तरी मला वाटलं, निदान घरात तरी आता मोकळं होईल. वाटेने मीच विषय काढला. म्हटलं, "जाऊबाय, लॉरीचं मीच बोलले होते त्यांना."

"लॉरीचं?" ती म्हणाली. "लॉरीचं बोलाया खोलीत येवढा वेल लागतो?"

होळीच्या आधी तिवरांत पोलीस आले. मडकी फोडली, भांडी उचलून नेली. दोघांना धरलं. थोरले दीर पाण्यात उतरून निसटले आणि कुणाच्या तरी होडीतून उरणच्या बाजूला, जावेच्या माहेरी गेले. ही बातमी घरी आली तेव्हा मी चुलीपुढे होते. जाऊ आत आली, माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"पोलीस तू आनलेस."

"मी नाय."

"तिवरांत कोन गेलतं? फोरमनच्या खोलीत कोन गेलतं? आजून कोनाला ठाव होतं?"

मी शपथ घेतली. देवाची घेतली, मालकांची घेतली. सासू मध्ये पडली आणि तिने माझी बाजू घेतली नाही, तिचीही घेतली नाही. नुसती म्हणत राहिली, "घर फुटलं, घर फुटलं." शनिवारी मालक आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकटीला बाजूला नेऊन विचारलं, "तू खरंच नाही ना बोललीस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीत माझ्यासाठी वेगळी चूल मांडून दिली.

कामावर मात्र आम्ही एकाच पाटापाशी होतो. ती मला रोज तपासायची, माझ्याशी न बोलता.

त्यानंतर वर्षाभरात कारखान्यात नवीन माल आला. काचेसारखं दिसणारं दाट पाणी. साहेब त्याला सिलिकेट म्हणत. त्याला वास नव्हता, चव घ्यायची कुणाची हिंमत नव्हती, भट्टीची गरज नव्हती. ते वाळूत कालवायचं, पेटी भरायची, आणि लोखंडी नळकांड्यातला गॅस नळीने तिच्यात सोडायचा. फुस्स आवाज झाला की कोर दगडासारखा. आधी आम्हाला ती चेटूकविद्याच वाटली. घाटावरची बाई तोंडाला पदर बांधून लांब जाऊन बसली. फोरमननी सांगितलं, "अगं, सोड्याच्या बाटलीत ह्योच गॅस असतो." त्यावर तिने सोडा पिणं सोडून दिलं.

ते पाणी कुणी चोरण्यासारखं नव्हतं. झडती बंद झाली ती त्या दिवसापासून. आणि भट्टी विझली तशा बायाही कमी लागायला लागल्या. निम्म्या जणींना घरी पाठवलं. त्यात माझी जाऊ होती, जिचा हात सगळ्यांत हलका होता. मला ठेवलं.

का ठेवलं? मी बरीच वर्षं त्यावर विचार केला आहे. नव्या कामाला हलका हात लागत नव्हता, भराभर चालणारा लागत होता, आणि माझा तसा होता, हे एक. की त्या दिवशी खोलीत उलट बोलले ते फोरमनच्या लक्षात राहिलं होतं? की कोणालाच न सांगता त्यांनीच पोलिसांना तिवरांची वाट दाखवली होती, आणि मला ठेवणं हा त्यांचा काही हिशेब होता? मी त्यांना कधी विचारलं नाही. जावेला असले प्रश्न पडले नाहीत. तिच्याजवळ उत्तर आधीच तयार होतं.

पोलिसांचं प्रकरण निवलं तसे थोरले दीर परत आले. पुढच्या वर्षीचा शिमगा होता. अंगणात भावकी बसली होती, दीर बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की तिवरांची खबर शेजारच्या गावातल्या एका भट्टीवाल्याने दिली होती. गिऱ्हाईक तुटत होतं म्हणून. उरणला एका लग्नात त्याने स्वतःच्या तोंडाने ते कबूल केलं, वर माफीही मागितली. दीर मोठ्याने सांगत होते, मला आणि जावेला दोघींना ऐकू जाईल असं. मला वाटतं, मुद्दामच.

जाऊ आतल्या चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि वाट पाहिली. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, कडा बोटाने दाबल्या.

"असंल," ती म्हणाली.

आणि तिने भाकर उलटली. मी अजून थोडी उभी राहिले असते, पण पडवीत माझ्या चुलीवर भात करपायला लागला होता.